लाख लावलेला भोपळा

माणसं पळसाची पानं तोडायला रानात गेली, त्या सकाळी देमाईनं महादेवाच्या पिंडीवर रोजच्यासारखी दोन बेलाची पानं वाहिली. पहिलं इंद्रभानाच्या नावाचं, दुसरं मल्हणाच्या.

शालिग्राम गुरव गाभारा झाडत होता. केरसुणी थांबवून तो म्हणाला, "देमाई, आता एकच वाहत जाय माय. मेलेल्यासाठी बेल नसते वाहत."

"पुतळा जाळला का?"

"उद्या जाळतीन."

"मंग उद्या पाहू," असं म्हणून तिनं पिंडीवरून ओघळलेलं पाणी डोळ्यांना लावलं आणि पदर सावरत ती पायऱ्या उतरली.

नळगंगेच्या काठी तेव्हा नळकोट नावाची गढी होती. रोहिणखेडच्या घाटापासून धामणगावच्या काळ्या रानापर्यंत जे काही दिसेल तेवढ्याचा राजा माणिकदेव. देवगिरीच्या थोरल्या राजापुढं मान लववायची, बोलावणं आलं की माणसं घेऊन लढाईला जायचं आणि घरी येऊन राजा म्हणवून घ्यायचं, एवढंच ते राज्य. माणिकदेवाला एकच मुलगा, इंद्रभान. तो जन्मला आणि राणी बाळंतपणातच गेली. त्याच आठवड्यात गढीच्या मळ्यात राबणाऱ्या देमाई माळणीला मुलगा झाला होता. तिला वाड्यात आणलं आणि राजाचं लेकरू तिच्या पदराखाली दिलं.

देमाईचा स्वभाव देवभोळा. उपास, नेम, व्रत यांवाचून तिचा दिवस उगवत नसे. तिनं त्याच दिवशी मनाशी नेम धरला: उजव्या अंगाचं दूध राजाच्या लेकराचं, डाव्या अंगाचं आपल्या. उजव्यावरचा पिऊन निजला की मग डाव्यावरच्याची पाळी. कधी थकव्यानं डावं आटायचं, तेव्हा मल्हण रडत रडत झोपायचा. पण नेम तो नेम. उजवं त्याच्या तोंडी तिनं कधी दिलं नाही.

गढीतल्या बायकांना याची भारी गंमत. त्यांनी मल्हणाचं नावच पाडलं, डाव्या. तो मोठा झाला, मिशी फुटली, घाटात एका भाल्यात रानडुक्कर लोळवलं, तरी सैपाकघरातून भिमाईची हाक यायचीच, "ये बे डाव्या, भाकर खाऊन जाय!" इंद्रभानही त्याला डाव्याच म्हणायचा. मल्हण हसायचा. हसतो म्हणजे त्याला आवडतं, असं देमाईला वाटे.

मागच्या दसऱ्याला देवगिरीहून बोलावणं आलं. कोकणातल्या राजाशी लढाई होती आणि ती पाण्यावर होती. नळकोटात समुद्र कोणी पाहिलेला नव्हता. लोणारचं खारं तळं पाहिलेले दोघं-तिघं होते, ते मिशीला पीळ देत म्हणाले, तसंच असते, जरा मोठं. देमाईला एवढं कळलं की दोन्ही लेकरं पाण्यावर निघाली. पाणी म्हणजे पूर, आणि पुराचा उपाय तिला ठाऊक होता. भाद्रपदात नळगंगा फुगली की पलीकडच्या वावरात जाणारा माणूस काखांखाली सुके भोपळे बांधून पार होतो. दोन भोपळ्यांची एक सांगड, एका माणसाला एक.

तिच्या छपरावर चार भोपळे सुकले होते. तीन निकोप. चौथ्याला देठापाशी चीर गेली होती. तिनं पळसावरची लाख तापवून चीर बुजवली, वरून तूप आणि काजळी चोळली, वर दगड ठेवून भोपळा रात्रभर दगडी दोणीत बुडवून ठेवला. सकाळी पाहिलं, थेंबभर पाणी आत गेलं नव्हतं. मग तिनं अंबाडीच्या दोरीची जाळी विणून दोन सांगडी केल्या. लाखेची बाजू जाळीच्या आतल्या अंगाला वळवली.

लाखेची सांगड कोणाला द्यायची याचा तिनं विचार केला नाही. विचार करावा असं त्यात तिला काही दिसलंच नाही.

निघायच्या वेळी ती सांगडी घेऊन अंगणात आली, तेव्हा राजाचा धाकटा भाऊ सारंगदेव पोट धरून हसला. "देमाई, समुद्रावर घराएवढी तारवं असतात. तिथी तुहा राजसा भोपळे बांधून जाईन? लोक म्हणतीन, नळकोटाहून लढवय्ये बोलावले अन् भाजीवाले आले!"

सगळं अंगण हसलं. इंद्रभान मात्र पुढं झाला, सांगड त्यानं कमरेला बांधली आणि म्हणाला, "माय, परत आलो की याचीच भाजी कर."

"सुकल्याची भाजी नाई होत, राजसा."

"मंग वीणा करू याची. तू भजन म्हण, मी वाजवतो."

मल्हणानं आपली सांगड कानाशी धरून बोटानं वाजवली. एक भोपळा, मग दुसरा. "माय, याचा बोल येगळा येते."

"दोरी नवी हाये म्हणून," देमाई म्हणाली.

मल्हण तिच्या तोंडाकडं जरा वेळ पाहत राहिला. मग त्यानं सांगड खांद्यावर टाकली.

त्या दिवसापासून देमाईनं मीठ सोडलं. लेकरं खाऱ्या पाण्यावर आहेत तोवर आपण अळणी खायचं.

जेठात मल्हण एकटा आला. मीठ वाहणाऱ्या बैलांच्या तांड्याबरोबर घाट उतरला. अंगाची साल निघालेली, ओठ फुटलेले, कमरेला सांगड. राजापुढं उभं राहून त्यानं सांगितलं की वावटळीत तारू खडकावर आपटून फुटलं. युवराज डोळ्यांदेखत गेले. सकाळी खडकात त्यांचा देह दिसला, त्यानं जाऊन पायांना हात लावला, तेवढ्यात मोठी लाट आली आणि देह ओढून घेऊन गेली. आपण वाचलो ते मायच्या भोपळ्यांनी.

माणिकदेवानं सांगडीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "ज्यानं एकाला वाचवलं ते देवाचं आहे. महादेवाच्या देवळात टांगा." राजाच्याच आज्ञेनं ती सांगड सभामंडपाच्या तुळईला टांगली गेली. देमाई रोज खालून हात जोडायची. वर मान करून नीट कधी पाहिलं नाही. एका लेकरासाठी रडावं तर दुसऱ्याचा अपमान होतो, आणि आलेल्यासाठी देवाचे आभार मानावेत तर गेलेल्याची लाज वाटते, अशी तिची गत झाली होती. मीठ तिनं घेतलंच नाही.

आता रीत अशी होती: देह सापडला नाही तर माणसाची बारा वर्षं वाट पाहायची. तोवर तो जिवंत. त्याची बायको सवाष्ण, त्याची गादी त्याची. पण मरताना कोणी डोळ्यांनी पाहिलं असेल, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. एकदा पुतळा जळला की माणूस मेला. उद्या तो चालत आला तरी मेलेलाच. पुन्हा जन्म दिल्यासारखे सगळे संस्कार केल्याशिवाय त्याला घरात घेत नाहीत.

माणिकदेव चालढकल करत होता. पण पितृपक्ष जवळ आला, तसा सारंगदेव मागं लागला. पितर उपाशी ठेवता का? साक्षीदार घरात आहे, वाट कशाची पाहता? युवराज गेला तर गादी आपल्याकडं येते, हे तो बोलत नव्हता; बोलायची गरज नव्हती. मल्हणाला त्यानं धामणगावाशेजारचं एक गाव देऊ केलं होतं. उद्या अग्नीही दूधभाऊ म्हणून मल्हणानंच द्यायचा, असं ठरलं.

देवळातून वाड्यात आल्यावर इंद्रभानाच्या बायकोनं, रुख्मिणीनं, देमाईला आत बोलावलं. सतरा वर्षांची पोर. हातात लग्नाचाच हिरवा चुडा. ती चुड्यावरून बोट फिरवत म्हणाली, "देमाई, सगळे म्हणतात म्हणून मी काही करणार नाही. तुम्ही सांगा. मल्हणभावजी खरंच पाहून आले ना?"

"माह्या लेकाले खोटं येत नाई, बाईराणी."

"मग झालं," रुख्मिणी म्हणाली. "तुमच्या शब्दावर उद्या चुडा फोडते."

दुपारी पळसाची पानं आली. दोन बैलांवर लादून आणली होती, रुंद, हिरवीगार, देठांना अजून चीक. उपाध्ये दर्भाचा सांगाडा बांधायला बसले आणि एकेक वस्तू मागू लागले. डोक्याला नारळ, तो मीठवाल्यांकडचा होता. टाळूच्या जागी सुका तुंबा, म्हणजे भोपळा. तिथं घोडं अडलं. वेलांवरचे भोपळे अजून कोवळे होते आणि जुने सगळे पुरात लोकांच्या काखांखाली. वापरलेला चालत नाही, उपाध्ये म्हणाले.

"देवळात टांगलाय की!" सारंगदेव म्हणाला. "देवाला वाहिलेला वापरलेला कसा? त्याच्याहून पवित्र कोणता पाहिजे? जा देमाई, घेऊन ये."

गुरवानं शिडी लावून सांगड काढून दिली. देमाई मंडपाच्या पायरीवर बसली. वर धूळ आणि कोळिष्टकं साचली होती. देवाच्या कामाला जाणारी वस्तू, म्हणून ती पदरानं पुसू लागली. लाखेची बाजू टाळूला लावू नये, तो भोपळा बाजूला ठेवून निकोप द्यावा, असं मनात धरून तिनं जाळीतून बोट घातलं.

एका भोपळ्याचं देठ गुळगुळीत लागलं. दुसऱ्याचंही.

तिला वाटलं, आपलं बोट चुकलं. तिनं जाळी सैल केली, दोन्ही भोपळे मांडीवर घेतले आणि फिरवून फिरवून पाहिले. कुठं चीर नाही, लाख नाही, काजळीचा डाग नाही. मिठानं पांढरट झालेले दोन निकोप भोपळे.

"काय झालं बाई?" गुरवानं विचारलं.

"काही नाई. धूळ लय हाये."

मल्हण मळ्यातल्या विहिरीपाशी होता. सारंगदेवानं त्याला नवं पागोटं दिलं होतं, ते तो पाण्यात वाकून पाहत बांधत होता. देमाईला पाहून हसला. "माय, पाह्य बरं, पाटील दिसतो का नाई?"

"दिसते."

"हे काऊन काढून आणलं?"

"पुतळ्याच्या टाळूले भोपळा पायजे म्हणतात."

"मंग दे नेऊन."

"नेऊन देईन. पयले सांग, लाख कुठी गेली?"

मल्हणाचे हात पागोट्यावर थांबले. "कोणती लाख?"

"तुह्या भोपळ्याची."

"बोलली नाई कधी, लाख होती म्हणून."

देमाईनं मान खाली घातली. मग म्हणाली, "अंधारात अदलाबदल झाली असन. दोन्ही सारख्याच दिसत होत्या. तू म्हण, अदलाबदल झाली. मी मानीन, मल्हणा. देवाची आण, मी मानीन."

मल्हणानं पागोटं उतरवून विहिरीच्या काठावर ठेवलं.

"अदलाबदल नाई झाली," तो म्हणाला. "तारू फुटलं तवा आमी दोघंई पाण्यात. दोघाच्याई सांगडी बांधलेल्या. लोक भाले-तलवारी घेऊन बुडून राह्यले अन् आमी दोघं बदकावानी वर. तो हासला, माय. म्हणे, बे डाव्या, माय जिंकली! अन् तेवढ्यात माह्या एका भोपळ्यात गडगड पाणी. चाचपून पाह्यलं त भोक. महिना महिना उन्हात पडल्या होत्या सांगडी, लाख कवाच पघळली होती. मले लाख ओळखू येत नाई का? लहानपणी तुह्यासाठी पळसावरून खरवडून म्याच आणत होतो."

"मंग?"

"मंग तो म्हणे, धर माह्या खांद्याले, दोघं एकीवर राहू. एकीवर दोघं राहत असतात का? नळगंगेत नाई राहत, तिथी काय राहतीन? मी त्याच्या मांगं होतो. त्याच्या कमरेची गाठ सोडली."

"अन् त्यानं सोडू देल्ली?"

"त्याले वाटलं, मी मले त्याच्यासंगं बांधून राह्यलो." मल्हण थांबला. "म्हणे, घट्ट बांध."

विहिरीवरच्या पिंपळावर पोपटांचा थवा बसला होता, तो कलकलाट करत उडाला. देमाई काठाला टेकून खाली बसली.

"खडकातला देह?"

"नाई."

"पायाले हात लावला म्हणे तू."

"नाई, माय."

"मंग तो मेला हे कोणी पाह्यलं?"

"डोलकाठीचा एक तुकडा होता, त्याले धरलं त्यानं. मी हात मारत निघालो. त्यानं हाक मारली. मी पलटून पाह्यलं नाई."

"काय हाक मारली?"

"काय मारन? डाव्या."

सकाळी रुख्मिणीला दिलेला शब्द देमाईच्या कानांत वाजत होता. जेठापासून हा रोज तिच्या समोर बसून जेवला. तिनं रोज त्याच्या पाठीला तेल लावलं, फुटलेल्या ओठांना लोणी लावलं, आणि तो डोळे मिटून लावून घेत राहिला.

"तू उद्या बोलू नको," मल्हण तिच्यापुढं उकिडवा बसला. "बोलली त मले कापतीन. सारंगदेवच पयले कापन. अन् बोलून काय होईन? इतक्या दिवसात तो जगला असन का?"

"ते तुले ठाव नाई. मले ठाव नाई."

"तुले त्याचंच पडलं. मले म्हाईत होतं." तो खाली मान घालून हसला, सैपाकघरात हसायचा तसाच. "दूध त्याले पयलं. निकोप भोपळा त्याले. माह्या वाट्याले जे उरलं ते म्या खाल्लं, प्यालो, अन् वरून हासलो. आता एक डाव मले पयलं धर, माय. एकच डाव."

"लाख पक्की होती. रातभर पाण्यात ठेवून पाह्यली होती..."

"रातच्या थंड, गोड्या पाण्यात."

"मले काय ठाव समुद्राचं?"

"मंग त्याले द्यायची होती, इतकी पक्की होती त."

देमाईनं हातातला भोपळा बोटानं वाजवला. मग ती म्हणाली, "तू वाजवून पाह्यला होता. तुले तवाच समजलं होतं."

"हाव."

"मंग काऊन बोलला नाई?"

"तू सांगशीन म्हणून वाट पाह्यली."

दुसऱ्या दिवशी नळगंगेच्या वाळूवर अख्खं नळकोट जमलं. पळसाच्या पानांचा इंद्रभान लाकडांवर निजवला होता. पानं रात्रीतून थोडी सुकली होती आणि वाऱ्यानं त्यांच्या कडा हलत होत्या, त्यामुळं लांबून तो श्वास घेतोय असं वाटे. माणिकदेव पाटावर बसला होता. रुख्मिणी चुडा फोडायला एका दगडावर हात टेकून बसली होती, भिमाई तिच्या मागं. मल्हण मडक्यात अग्नी घेऊन उभा. पागोटं त्यानं बांधलं नव्हतं.

उपाध्यांनी विचारलं, "साक्षी कोण?"

"मी. देमाईचा मल्हण."

"देह पाहिलास?"

"पाह्यला."

हे बोलताना तो नदीकडं पाहत होता. उपाध्यांनी हात पुढं केला. "देमाई, तुंबा दे."

देमाईनं सांगड पोटाशी धरली होती. ती जागची हलली नाही. "हा नाई देता येत."

"काऊन?" सारंगदेव पुढं आला.

"हा जित्या माणसाचा हाये. जित्याची वस्तू मेलेल्याच्या टाळूले लावत नसतात."

माणिकदेव हळूच म्हणाला, "देमाई, मल्हण जिवंत आहे हे आम्हाला माहीत आहे. त्यानं दिलाय ना?"

"हा मल्हणाचा नाई, महाराज. मल्हणाच्या भोपळ्याले चीर होती. म्या लाख लावली होती. चिरलेला म्या माह्या लेकाले देल्ला अन् निकोप तुमच्या लेकाले. हे पाहा, दोन्ही निकोप." तिनं सांगड राजाच्या पायांपाशी ठेवली. "ही माह्या राजसाच्या कमरेची सांगड. महाराज, माह्या लेकानं देह पाह्यला नाई. राजसा लाकडाले धरून हाक मारत होता. यानं पाठ फिरवली होती."

रुख्मिणीनं दगडावरचे हात उचलून पदराखाली घेतले.

"म्हातारीचं डोकं फिरलं!" सारंगदेव ओरडला. "दूध पाजलं म्हणून काहीही बरळते. अग्नी दे रे!"

"फिरलं असतं त बरं झालं असतं, राजे," देमाई म्हणाली. "मल्हणा, अग्नी तुह्या हातात हाये. त्याच्यापुढं सांग."

मल्हणानं तिच्याकडं पाहिलं. लहानपणी उजव्यावरचा निजायची वाट पाहत तो असाच पाहायचा, गप्प, मूठ चोखत. त्याला तेव्हा ठाऊक असायचं की पाळी उशिरा येईल, पण येईल. मग त्यानं मडकं वाळूत ठेवलं, वर ओंजळभर वाळू टाकली आणि म्हणाला, "नाई पाह्यला."

सारंगदेवाचा हात तलवारीकडं गेला. माणिकदेव उठून मध्ये आला. "थांब. याला मारलं तर माझा मुलगा शेवटी कुठं होता हे सांगणारा कोणी उरणार नाही." मग मल्हणाकडं वळून म्हणाला, "तुला मारायचं मला सुचतंय, पण मी मारणार नाही. जिथं सोडलास तिथं जा. किनाऱ्या किनाऱ्यानं शोध. त्याला घेऊन ये, नाहीतर खरोखर पाहून ये. तोवर रोहिणखेडचा घाट उतरायचा नाही."

पुतळा सोडला. पानं सुटी करून नळगंगेत टाकली, ती वळणापर्यंत हिरवी दिसत होती. रुख्मिणी जाताना देमाईपाशी थांबली. तिच्या हातातला चुडा किणकिणला.

त्याच दुपारी मल्हण निघाला. निरोप द्यायला कोणी आलं नाही. देमाई एकटीच घाटाच्या पायथ्यापर्यंत मागं मागं चालत गेली. तिथं तिनं त्याला थांबवलं आणि पदराखालची सांगड काढून त्याच्या कमरेला बांधली. राजाकडून मागून आणली होती.

"दोन्ही निकोप हायेत," ती म्हणाली. "पाण्यावर जाशीन त हेच ने."

मल्हणानं तिला बांधू दिली. गाठ पक्की झाली का तेही पाहू दिलं. मग शांतपणे त्यानं ती सोडली आणि सांगड तिच्या हातात ठेवली.

"हे त्याचं हाये, माय. माहं समुद्रात गेलं."

तो घाट चढू लागला. पहिल्या वळणापाशी देमाईनं हाक मारली, "मल्हणा!" दुसऱ्या वळणापाशी पुन्हा मारली. तिचा स्वर घाटात घुमला, म्हणजे त्याच्यापर्यंत गेला असणारच. त्यानं पलटून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता ती देवळात आली. आदल्या दिवसभरात तिनं पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं, आणि पुढं जे घ्यायचं ते अळणीच. शालिग्राम गुरवानं पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं पिंडीवर धार धरली. पदराच्या गाठीतून दोन बेलाची पानं काढली.

पहिलं पान उजव्या हातात घेऊन ती थांबली. नेहमीचा हात नेहमीच्या वाटेनं पुढं जाऊ पाहत होता. तिनं तो मागं घेतला. मग दुसरं पान डाव्या हातात घेतलं आणि दोन्ही हात एकदम पुढं केले.

"देमाई," गुरव दचकून म्हणाला, "डावा हात देवाले चालत नाई, माय."

"चालवून घेईन तो," देमाई म्हणाली, आणि तिनं दोन्ही पानं एकदम सोडली.